इंग्रजी वाक्यातील क्रियापद व विशेषण यांचा संयोग

इंग्रजी वाक्यात विशेषण मुख्यतः दोन जागी येते. एक जागा नामाच्या आधीची (उदा. 'अ ड्राय वेल' – कोरडी विहीर) आणि दुसरी क्रियापदाच्या नंतरची (उदा. 'द वेल इज ड्राय' – विहीर कोरडी आहे). मराठी व्याकरणात पहिल्या प्रकारच्या विशेषणास अधिविशेषण, तर दुसऱ्या प्रकारच्या विशेषणास विधिविशेषण असे म्हणतात. क्रियापद आणि विधिविशेषण यांच्या एकत्र येण्याने जो अर्थ तयार होतो, त्यास या लेखात विशेषण-क्रियापद संयोग असे म्हटले आहे. दैनंदिन इंग्रजीत भूक, तहान, राग, थकवा, आजार, भीती, आनंद या अवस्था बहुतांशी याच संयोगाने सांगितल्या जातात. मराठीत मात्र त्याच अवस्था वेगळ्या वाक्यरचनांनी सांगितल्या जातात. मराठी माध्यमात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीतील चुकांचा मोठा भाग या एका फरकातून उद्भवतो. त्यामुळे या लेखातील उदाहरणे मराठीशी, विशेषतः बीड जिल्ह्यातील रोजच्या व्यवहाराशी, ताडून दिली आहेत.

पार्श्वभूमी

इंग्रजी आणि मराठी व्याकरणांचा संबंध जुना आहे. विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथून प्रसिद्ध झाले. त्यानंतर दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या मांडणीवर लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा ठसा आहे. संस्कृत परंपरेत विशेषण हे नामाच्याच कुळातले मानले जाई. त्याला शब्दांची स्वतंत्र जात म्हणून मराठी शालेय व्याकरणात जे स्थान मिळाले, त्यात इंग्रजी व्याकरणाचा वाटा आहे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) या ग्रंथात या विषयाचा अधिक खोल विचार आढळतो.

'अपूर्णविधान क्रियापद' आणि 'विधानपूरक' या मराठी विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या संज्ञा प्रस्तुत विषयाला थेट लागू पडतात. 'विहीर पडली' हे वाक्य पूर्ण आहे, पण 'विहीर कोरडी पडली' या वाक्यातील 'पडली' चा अर्थ 'कोरडी' या शब्दावाचून पुरा होत नाही. येथे 'पडणे' हे अपूर्णविधान क्रियापद आणि 'कोरडी' हे विधानपूरक होय. इंग्रजीतील 'द वेल रॅन ड्राय' या वाक्याची घडण नेमकी अशीच आहे. 'रॅन' म्हणजे 'धावली' हा अर्थ येथे उरत नाही.

बीड जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात उर्दूला राज्यकारभाराचे स्थान होते आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवली जाई. 2000 पासून ती पहिलीपासून सुरू झाली. जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची अनेक मुले दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर कारखान्यांकडे जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. हंगामी वसतिगृहे व साखरशाळा यांमुळे काहींची सोय होत असली, तरी ज्यांची होत नाही त्यांचे शालेय वर्ष मधोमध तुटते. इंग्रजीसारख्या सरावावर अवलंबून असणाऱ्या विषयाचे नुकसान त्यात सर्वांत आधी होते.

जोडणारी क्रियापदे

विशेषणाशी जोडल्या जाणाऱ्या इंग्रजी क्रियापदांत 'बी' (असणे) हे सर्वांत महत्त्वाचे. 'ॲम, इज, आर, वॉज, वेअर' ही त्याचीच रूपे. मराठीत 'आहे' पुष्कळदा गाळता येते: 'पोरगा हुशार', 'पाणी गार', 'वाट लांब' ही वाक्ये बोलताना पूर्ण वाटतात. इंग्रजीत हे क्रियापद गाळता येत नाही. 'द बॉय क्लेव्हर' हे वाक्यच होत नाही.

दुसरा गट इंद्रियांशी निगडित आहे: 'लुक' (दिसणे), 'साउंड' (ऐकू येताना वाटणे), 'टेस्ट' (चवीला लागणे), 'स्मेल' (वासाला येणे) आणि 'फील' (वाटणे, स्पर्शाला लागणे). 'द जॅगरी टेस्ट्स स्वीट' म्हणजे 'गूळ गोड लागतो'. या ठिकाणी मराठी 'लागणे' आणि इंग्रजी 'टेस्ट' हे अगदी समोरासमोर बसतात.

या गटाबाबत एक चूक वारंवार आढळते. क्रियापदानंतर क्रियाविशेषण यावे, हा नियम विद्यार्थी पाठ करतात आणि त्यामुळे 'द फूड टेस्ट्स निकली' किंवा 'शी लुक्स सॅडली' अशी वाक्ये लिहितात. येथे विशेषण क्रियेचे वर्णन करीत नाही. ते कर्त्याचे वर्णन करते. अन्न चांगले आहे, चव घेण्याची क्रिया नव्हे. याउलट 'शी लुक्ड सॅडली ॲट द एम्प्टी पॉट' (तिने रिकाम्या मडक्याकडे खिन्नपणे पाहिले) या वाक्यात पाहण्याची क्रिया घडते, म्हणून तेथे 'सॅडली' योग्य ठरते. 'दिसणे' आणि 'पाहणे' ही दोन मराठी क्रियापदे 'लुक' या एका इंग्रजी शब्दात सामावलेली आहेत. वाक्याचे मराठी करून पाहिले आणि 'दिसणे' आले तर विशेषण, 'पाहणे' आले तर क्रियाविशेषण, ही कसोटी सहसा चुकत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच प्रचलित आहे. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'ते चांगले गातात' या वाक्यांत 'चांगला' हा शब्द कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, पण वर्णन गाण्याचे करतो. मराठीला ही सवलत आहे. इंग्रजीला ती नसल्यामुळे 'ही सिंग्ज गुड' हे प्रमाण इंग्रजीत अशुद्ध ठरते आणि 'ही सिंग्ज वेल' असे म्हणावे लागते.

अवस्थाबदल दाखवणारे संयोग

एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे दाखवण्यासाठी मराठीत 'होणे' हे सर्वसमावेशक क्रियापद आहे. त्याचा पहिला पर्याय म्हणून शिकवला जाणारा 'बिकम' हा शब्द विद्यार्थी सर्वत्र वापरतात. 'आय बिकेम रेडी' सारखी वाक्ये त्यातूनच येतात. बोलण्यातील इंग्रजीत हे काम बहुधा 'गेट' करते: 'गेट रेडी' (तयार होणे), 'गेट वेट' (भिजणे), 'गेट अँग्री' (रागावणे), 'गेट टायर्ड' (दमणे).

'गो' हे क्रियापद बहुतांशी बिघाडाकडे नेणारे आहे. दूध 'सावर' होते, माणूस 'ब्लाइंड', 'डेफ' किंवा 'मॅड' होतो, पेढी 'बँकरप्ट' होते, तेव्हा 'गो' वापरले जाते. 'कम' बहुधा इच्छित किंवा सुटण्याच्या दिशेचे असते: 'कम ट्रू' (स्वप्न खरे होणे), 'कम लूज' (सैल होणे). मात्र हा काटेकोर नियम नव्हे. वाईट अवस्था असूनही 'गो इल' किंवा 'गो टायर्ड' असे म्हणत नाहीत, आणि म्हातारे होण्यासाठी 'ग्रो ओल्ड' किंवा 'गेट ओल्ड' असेच म्हणतात. रंगबदलासाठी 'टर्न' आणि 'गो' दोन्ही चालतात. 'द लीव्ह्ज टर्न्ड यलो' म्हणजे 'पाने पिवळी पडली'.

'फॉल' (पडणे) या क्रियापदापाशी दोन्ही भाषा आश्चर्यकारकरीत्या जवळ येतात. 'शी फेल इल' आणि 'ती आजारी पडली' यांत शब्दाला शब्द जुळतो. 'फॉल' चे क्षेत्र इंग्रजीत लहान आहे: 'इल', 'अस्लीप' (झोपी जाणे), 'सायलेंट' (गप्प होणे), 'व्हेकंट' (जागा रिकामी होणे) अशा मोजक्याच शब्दांशी ते येते. मराठीत 'पडणे' पुष्कळ विस्तारले आहे: आजारी पडणे, थंड पडणे, फिके पडणे, ओस पडणे, एकाकी पडणे, कमी पडणे, महाग पडणे, कोरडे पडणे. यांपैकी मोजक्यांचेच भाषांतर 'फॉल' ने होते, हे ध्यानात न घेतल्यास 'द वेल फेल ड्राय' असे विचित्र वाक्य तयार होते. पाणी आटण्यासाठी इंग्रजीत 'रन ड्राय' हाच रूढ संयोग आहे. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण 2016 च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि लातूर शहरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले. ही घटना इंग्रजीत सांगताना 'द डॅम रॅन ड्राय' किंवा 'वेंट ड्राय' असे म्हणता येते. 'फेल' येथे बसत नाही.

अवस्था टिकून राहणे 'स्टे', 'कीप' आणि 'रिमेन' यांनी दाखवतात. 'कीप क्वायट' म्हणजे 'गप्प राहा'. मराठीत 'गप्प बस' असेही म्हणतात, मग म्हणणारा उभा असो वा ऐकणारा. 'स्टँड' चा उपयोग पाहण्याजोगा आहे. 'द हाउसेस स्टुड एम्प्टी' या वाक्यात उभे राहण्याचा अर्थ जवळजवळ नाहीसा झालेला असतो. मराठीत याच घरांविषयी 'घरे रिकामी पडली' असे म्हणतात. इंग्रजी घर रिकामे उभे राहते, मराठी घर रिकामे पडते. तोडणीच्या हंगामात ओस पडणाऱ्या तांड्या-वस्त्यांचे वर्णन दोन्ही भाषांत करून पाहिल्यास हा फरक चटकन लक्षात येतो.

रूपबदल

इंग्रजी विशेषण लिंग आणि वचन यांनुसार बदलत नाही. मराठी आकारान्त विशेषण बदलते: तलाव कोरडा पडला, विहीर कोरडी पडली, धरण कोरडे पडले, विहिरी कोरड्या पडल्या. चारही ठिकाणी इंग्रजीत एकच 'ड्राय' पुरतो. लाल, हुशार, तयार, कडू यांसारखी मराठी विशेषणे मात्र इंग्रजीप्रमाणे अविकारी आहेत. प्राचीन इंग्रजीत विशेषणांना लिंग-वचन-विभक्तीचे प्रत्यय होते; मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात ते गळून गेले.

कर्माचे वर्णन करणाऱ्या विशेषणाबाबत मराठीत आणखी एक गुंता आहे. 'आईने मुलगी मोठी केली' आणि 'आईने मुलीला मोठे केले' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कर्माला 'ला' प्रत्यय लागताच विशेषण आणि क्रियापद दोन्ही नपुंसकलिंगी एकवचनी होतात. इंग्रजीत असा कोणताही खटाटोप नाही.

कर्मानंतरचे विशेषण

'दे पेंटेड द डोअर ग्रीन' (त्यांनी दार हिरवे रंगवले) या रचनेत क्रियेचा परिणाम विशेषणाने सांगितला जातो. मराठीत अशी रचना काही ठिकाणी सहज येते: भांडी लख्ख घासली, कपडे पांढरेशुभ्र धुतले. पण इंग्रजी तिच्या फार पुढे जाते. 'ही पुश्ड द डोअर ओपन' हे मराठीत 'त्याने दार ढकलून उघडले' असे दोन क्रियापदांनी सांगावे लागते, आणि 'शी शाउटेड हरसेल्फ होर्स' या वाक्यासाठी 'ओरडून ओरडून तिचा घसा बसला' अशी संपूर्ण वाक्यरचनाच बदलावी लागते. जेथे मराठीत ऊन-प्रत्ययान्त रूप येते, तेथे इंग्रजीत एखादे विशेषण लपलेले असण्याची शक्यता असते. 'ही केम होम टायर्ड' म्हणजे 'तो दमून घरी आला'. 'मुले उपाशी झोपली' या वाक्याचे इंग्रजी मात्र त्याच वळणाने होते: 'द चिल्ड्रेन वेंट टू बेड हंग्री'.

मराठीशी तुलना: अनुभवाची वाक्ये

या विषयातील सर्वांत अवघड भाग म्हणजे शरीर व मन यांच्या अनुभवांची वाक्ये. मराठीत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत जाते आणि अनुभव हाच कर्ता होतो: मला भूक लागली, मला राग आला, मला थंडी वाजते, मला भीती वाटते, मला कंटाळा आला. भूक लागते, राग येतो, थंडी वाजते, भीती वाटते. प्रत्येक नामाचे क्रियापद ठरलेले आहे आणि ते परभाषकास पाठच करावे लागते. इंग्रजीत व्यक्ती हीच कर्ता असते आणि अनुभव विशेषणात येतो: 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम अँग्री', 'आय ॲम कोल्ड', 'आय ॲम अफ्रेड', 'आय ॲम बोअर्ड'. 'आय हॅव हंग्री' असे लिहिणारा विद्यार्थी 'मला' चा ठाव इंग्रजीत शोधत असतो.

त्यात काळाचा घोळ मिसळतो. 'मला भूक लागली', 'मी दमलो', 'सीताफळ पिकले' ही रूपे भूतकाळी दिसतात, पण सांगतात आत्ताची अवस्था. इंग्रजीत ती वर्तमानकाळातच यावी लागतात: 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम टायर्ड', 'द कस्टर्ड ॲपल इज राइप'. 'दमलो' चे 'आय वॉज टायर्ड' असे भाषांतर केल्यास दमणे कालच संपल्यासारखे होते.

शेवटच्या उदाहरणात आणखी एक भेद दिसतो. पिकणे, भिजणे, दमणे, आंबणे, नासणे, घाबरणे, रोडावणे ही मराठीत स्वतंत्र क्रियापदे आहेत. इंग्रजीत त्यांची जागा संयोग घेतात: 'आंबणे' साठी 'गो सावर', 'नासणे' साठी 'गो बॅड', 'रोडावणे' साठी 'ग्रो थिन'. नेमका उलटा प्रकार 'सहमत असणे' बाबत होतो. मराठीत तो विशेषण-क्रियापद संयोग आहे, इंग्रजीत मात्र 'अग्री' हे एकटेच क्रियापद आहे. 'आय ॲम अग्री' ही सर्वत्र ऐकू येणारी चूक 'मी सहमत आहे' या वाक्याचा शब्दशः उतारा होय. 'मी तयार आहे' – 'आय ॲम रेडी' हे बरोबर ठरते आणि 'मी सहमत आहे' – 'आय ॲम अग्री' हे चूक, यात विद्यार्थ्याच्या तर्काचा दोष नाही. त्याने नियम सचोटीने पाळलेला असतो.

'बोअर्ड' व 'बोरिंग' यांचा घोळ मात्र मराठीच्याच आधारे सुटतो. जो कंटाळलेला तो 'बोअर्ड', जे कंटाळवाणे ते 'बोरिंग'. 'आय ॲम बोरिंग' याचा अर्थ 'मी कंटाळवाणा आहे' असा होतो, आणि तसे कोणी आपण होऊन सांगत नाही. 'टायर्ड' व 'टायरिंग' (दमलेला व दमवणारा) ही जोडीही अशीच.

जागेची बंधने

काही इंग्रजी विशेषणे केवळ क्रियापदानंतरच येतात. 'अस्लीप', 'अवेक', 'अलाइव्ह', 'अफ्रेड', 'अलोन' ही त्यांतील नेहमीची. 'द चाइल्ड इज अस्लीप' हे शुद्ध, पण 'ॲन अस्लीप चाइल्ड' हे अशुद्ध. तेथे 'अ स्लीपिंग चाइल्ड' असे म्हणावे लागते. 'अस्लीप', 'अलाइव्ह' यांच्या आरंभीचा 'अ' हा मुळात 'ऑन' या शब्दयोगी शब्दाचा अवशेष आहे. 'झोपेत', 'जिवात' अशा अर्थाची ती जुनी पदे असल्याने नामाआधी बसायला ती आजही नकार देतात. 'अफ्रेड' चे मूळ वेगळे असले तरी वागणूक हीच आहे. उलट 'मेन' (मुख्य) आणि 'मिअर' (केवळ) ही विशेषणे नामाआधीच येतात.

या विशेषणांना 'व्हेरी' सरसकट लागत नाही. गाढ झोपलेल्यास 'फास्ट अस्लीप' आणि टक्क जाग्यास 'वाइड अवेक' म्हणतात. मराठीतही 'टक्क' फक्त जाग्याला व 'कुट्ट' फक्त काळ्याला लागते. 'ठार बहिरा' यास इंग्रजीत 'स्टोन डेफ' म्हणजे दगडासारखा बहिरा असा शब्द आहे.

विशेषणानंतर क्रियापद येण्याचाही एक प्रकार आहे. 'महादू समजवायला सोपा आहे' आणि 'महादू समजवायला उत्सुक आहे' ही वाक्ये वरवर सारखी असली तरी पहिल्यात महादूला दुसरे कोणी समजावते आणि दुसऱ्यात महादू दुसऱ्यास समजावतो. इंग्रजीतील 'ईझी टू' व 'ईगर टू' यांच्यातही हाच भेद आहे. नोम चॉम्स्की यांनी अशा जोड्यांच्या आधारे वाक्याच्या बाह्य व आंतरिक रचनेतील फरक दाखवून दिला.

मराठीत रुळलेले संयोग

परभाषेतील शब्द घेऊन त्याला 'करणे' किंवा 'होणे' जोडण्याची रीत मराठीत जुनी आहे. साफ करणे, माफ करणे, मंजूर होणे, जप्त करणे, दुरुस्त करणे, हजर होणे, नाराज होणे हे संयोग फारसी-अरबी शब्दांपासून बनले. ते सर्व महाराष्ट्रात रुळलेले आहेत. मराठवाड्यात उर्दूच्या दीर्घ सहवासामुळे 'परेशान होणे', 'तंग करणे' यांसारखी आणखी काही रूपे बोलण्यात सहज येतात.

इंग्रजी शब्द याच साच्यात ओतले गेले: टाकी फुल झाली, नट टाइट केला, सौदा फायनल झाला, गाडी लेट झाली. साचा विशेषण मागतो, म्हणून 'फुल', 'टाइट', 'फायनल', 'लेट' ही इंग्रजी विशेषणे त्यात जशीच्या तशी बसली. 'फेल', 'पास' आणि 'बोअर' हे शब्द मात्र इंग्रजीत क्रियापदे आहेत. मराठीने 'नापास झाला' प्रमाणे 'फेल झाला' आणि 'बोअर झालो' असे म्हणून त्यांना विशेषण करून टाकले. मराठीत याबाबत काहीच वावगे नाही. अडचण उद्भवते ती हे शब्द इंग्रजीत परत जाताना: 'आय ॲम बोअर', 'ही इज फेल', 'आय वॉज पास इन टेन्थ'. इंग्रजीत 'आय ॲम बोअर्ड', 'ही फेल्ड' आणि 'आय पास्ड' अशी रूपे होतात. नोकरीच्या अर्जात किंवा मुलाखतीत असे एक वाक्य आले की उमेदवाराच्या एकूण ज्ञानाविषयीच शंका घेतली जाते. वस्तुतः त्याने अस्सल मराठी वाक्य इंग्रजी शब्दांत म्हटलेले असते.